24 पानांतून नवा डाव कसा रचायचा

नवीन खेळ बनवायचा म्हटलं की आपला हात आधी रंगांकडे जातो. मीही पहिल्या खेळाच्या वेळी तेच केलं. मुंग्या दाणे वेचून वारुळात नेतात, अशी कल्पना होती. तीन आठवडे खपून मी 40 घरांचा पट रंगवला, प्रत्येक मुंगीला वेगळ्या मिशा काढल्या, दाण्यांना सावल्या दिल्या. नियम मात्र एका संध्याकाळी उरकले. फासा टाकायचा, दान पडेल तितकी घरं पुढे जायचं, दाणा उचलायचा, परत यायचं. पाच दाणे आधी आणेल तो जिंकला.

माझी नऊ वर्षांची भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी खेळायला बसल्या. दहा मिनिटांनी भाची उठली आणि म्हणाली, "मावशी, माझ्या पाळीला तूच टाक गं फासा, मी पाणी पिऊन येते." मी टाकला. तिची मुंगी चार घरं पुढे गेली. ती परत आली, मुंगी कुठे पोचली ते बघितलं आणि बसली. ती नव्हती म्हणून काहीच अडलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी खेळणाऱ्यांच्या हाताकडे बघायला लागले. डाव रंगला की हात पानाकडे, म्हणजे पत्त्याकडे, जातो, मध्येच थांबतो, मागे येतो, नजर शेजारच्याकडे जाते आणि मग हात पुन्हा पुढे होतो. असा हात थांबला की मी वहीत एक रेघ मारते. वीस मिनिटांच्या डावात दोनच रेघा पडल्या तर नियम बदलायचे, चित्रांना हात लावायचा नाही. पुढे जे सांगते आहे ते या रेघा कशा वाढवायच्या याबद्दल आहे. उदाहरण त्याच मुंग्यांचं घेते, कारण पट बाजूला ठेवल्यावर तो खेळ 24 पानांचा झाला आणि टिकला.

आधी खेळा, मग डाव मांडा

मराठीत 'खेळ' हा शब्द ऐसपैस आहे. काठीचा घोडा करून पळणं हा खेळ, नाटकाचा प्रयोग हाही खेळ आणि बुद्धिबळ हाही खेळच. 'डाव'चं तसं नाही. डाव मांडावा लागतो, त्याला भिडू लागतात, कुणावर तरी राज्य येतं, डाव रंगतो, उलटतो, मोडतो आणि संपतो. बनवणाऱ्याने हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. नियम लिहायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं खेळा, कुठलाही नियम न ठेवता. मूठभर मणी, गुंड्या, काड्या, बिया, जे हाताशी असेल ते घ्या आणि बोटांना काय करावंसं वाटतं ते बघा.

मी गुंड्या घेतल्या होत्या. हाताचा पालथा पंजा म्हणजे मुंगीची पाठ, असं धरून एकावर एक रचत गेले. सहा राहिल्या, सात राहिल्या, आठवी ठेवताना सगळ्या घसरल्या. पुन्हा रचल्या. दर वेळी शेवटची गुंडी ठेवताना श्वास रोखला जात होता, आणि थांबावं की आणखी एक ठेवावी हा विचार आपोआप येत होता. चाळीस घरांच्या पटात मला जे सापडलं नव्हतं, ते त्या पाच मिनिटांत सापडलं.

लहान मुलं हे आपल्यापेक्षा चांगलं करतात. भिडू कमी पडले तर मैदान लहान करतात. एखादा फारच छोटा असला तर त्याला लिंबूटिंबू घेतात: तो पळतो, ओरडतो, बाद मात्र होत नाही. ही उत्तम रचना आहे. खेळ तोच राहतो, फक्त एका भिडूपुरता एक नियम सैल होतो. मुलं खेळताना भांडत असतील तर थोडं लांब उभं राहून ऐका. भांडण बहुतेक वेळा नियमाच्या एखाद्या भोकाबद्दल असतं, आणि ते भोक तिथल्या तिथे कसं बुजवलं जातं हेही बघायला मिळतं.

पेच एका वाक्यात लिहा

आता वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा. ते 'हे की ते' अशा साच्यात बसलं पाहिजे. माझं वाक्य होतं: आणखी एक दाणा उचलू, की पावसाच्या आधी घर गाठू?

दोन्ही बाजू हव्याशा वाटल्या पाहिजेत. एक बाजू उघडच फायद्याची असेल तर तो पेच नव्हे. सापशिडीत पेच नाही, तिथे फासा सांगेल तसं हलायचं. अगदी लहान मुलांना ते पुरतं, कारण मोजणं आणि वाट बघणं हेच त्यांच्यासाठी नवं असतं. फुली-गोळ्यात पेच आहे, पण तो लवकर सुटतो. दोघेही नीट खेळले तर डाव दर वेळी बरोबरीत जातो, आणि हे कळलं की मुलं तो खेळ सोडून देतात.

पहिला नमुना एका संध्याकाळी

जाड कागदाचे एकाच मापाचे तुकडे कापा. जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या कोऱ्या बाजू छान चालतात. शिसपेन्सिल घ्या, पेन नको, कारण आकडे पुसायचेच आहेत. पत्ते ठेवायची प्लॅस्टिकची पाकिटं मिळाली तर आणखी सोपं जातं. आत कागदाची चिठ्ठी सरकवायची आणि नियम बदलला की चिठ्ठी बदलायची. चित्र काढायचं नाही. ढगाच्या पानावर नुसतं 'ढग' लिहायचं.

माझ्या गठ्ठ्यात 24 पानं आहेत. त्यात 18 दाण्यांची: सहा पानांवर 1 दाणा, सहांवर 2, सहांवर 3. उरलेली सहा ढगांची. आपली पाळी आली की गठ्ठ्यातलं वरचं पान उलटायचं, हवं तर आणखी एक, हवं तर आणखी. कधीही थांबता येतं. थांबलात की समोरच्या पानांवर जितके दाणे असतील तितके मणी वाटीतून घेऊन आपल्या घरात ठेवायचे आणि पानं टाकून द्यायची. एक ढग आला तर नुसतं अंधारून येतं. दुसरा आला की पाऊस: त्या पाळीतले सगळे दाणे वाहून जातात. घरातले मणी सुरक्षित. कुणाचे 25 मणी झाले की ती फेरी पूर्ण करायची, म्हणजे सगळ्यांना सारख्या पाळ्या मिळतात, आणि मग मोजायचं.

फासा न वापरता पानं का वापरली, हे सांगितलं पाहिजे. फाशाला काही आठवत नाही. सलग तीन वेळा एक पडला तरी चौथ्या वेळी एक पडण्याची शक्यता 6 पैकी 1 एवढीच. गठ्ठ्याला आठवतं. चार ढग येऊन गेले असतील तर आत दोनच उरलेत, आणि टाकलेली पानं उघडी असल्यामुळे कुणालाही ते मोजता येतं. त्यामुळे गठ्ठा जसा उतरत जातो तसा तोच पेच नवा होतो.

आकडे कसे बसवायचे

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुष्कळ जण आकड्यांना घाबरून अंदाजाने काम भागवतात आणि मग खेळ का रंगत नाही ते कळत नाही. हिशेब बेरजेपलीकडे जात नाही.

समजा एक ढग आलेला आहे आणि माझ्यासमोर काही दाणे जमलेत. पुढचं पान उलटावं का? गठ्ठ्यात उरलेल्या सगळ्या दाण्यांची बेरीज करा. मग उरलेले ढग गुणिले माझ्यासमोरचे दाणे. पहिला आकडा मोठा असेल तर त्या पानात सरासरीने फायदा आहे, दुसरा मोठा असेल तर तोटा.

मी आधी 10 ढग ठेवले होते. दाण्यांची पानं 14, त्यांवर एकूण 28 दाणे. पहिल्याच पानाला ढग आला असं धरलं तर आत नऊ उरतात. समोर तीन दाणे आले की गठ्ठ्यात 25 उरतात आणि नऊ त्रिक सत्तावीस, म्हणजे दोन दाण्यांपर्यंतच पुढे जाण्यात अर्थ. तीन झाले की थांबा. सगळे भिडू दोन पानं उलटून घरी परतायचे आणि डाव एखाद्या हजेरीसारखा चालायचा. मग मी दुसऱ्या टोकाला गेले आणि तीन ढग ठेवले. दाण्यांची 21 पानं, त्यांवर 42 दाणे. एक ढग आल्यावर आत दोनच. आता जवळजवळ 14 दाण्यांपर्यंत थांबायचं कारणच नाही. कुणी थांबेना. सहा ढगांवर मात्र हिशेब असा येतो: एकूण दाणे 36, उरलेले ढग पाच. समोर पाच दाणे असतील तर आत 31 आणि पाच पाचे पंचवीस, समोर सात असतील तर आत 29 आणि पाच साते पस्तीस. म्हणजे पाचला उलटावं, सातला थांबावं, आणि मधले सहा दाणे व तो ढग मिळून साधारण चार पानं. चार पानं समोर असताना हात थांबतो. हे मी हिशेबाआधी वहीतल्या रेघांत बघितलं होतं, हिशेबाने फक्त कारण कळलं.

गठ्ठा उतरल्यावर हे बदलतं. समजा दहा पानं उरली, त्यात ढग एकच आणि दाणे 18. तेव्हा समोर 15 दाणे असले तरी उलटणं शहाणपणाचं. जो मोजतो त्याला हे कळतं, जो मोजत नाही तो घाबरतो. त्या दोघांना एकमेकांचे चेहरे वाचायला मिळतात. खेळात मोजणाऱ्याला थोडा फायदा असावा, पण न मोजणाऱ्यालाही मजा यावी. त्यासाठी पानं कमी ठेवायची. चोवीसात सहा ढग डोक्यात राहतात, साठात पंधरा राहत नाहीत.

आल्फ्रेड बट्स यांनी अक्षरांच्या सोंगट्यांतून शब्द जुळवायचा स्क्रॅबल हा खेळ बनवताना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली होती, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते ठरवायला. पण 'एस' हे अक्षर त्यांनी मुद्दाम कमी ठेवलं, 100 सोंगट्यांत फक्त चार. इंग्रजीत जवळपास कुठल्याही नामाला ते जोडलं की अनेकवचन होतं. भरपूर दिलं असतं तर नवा शब्द शोधायची गरजच उरली नसती. आकडा आधी जगाकडून घ्यायचा आणि मग पेच टिकावा म्हणून तो हाताने वाकवायचा, हे मी त्यांच्याकडून उचललं.

चूक झाली तर लगेच दुरुस्त करू नका

सुरुवातीच्या नियमात पाळी संपली की ढगही टाकायचा होता. प्रत्येकाला कोरं आभाळ मिळायचं. एकदा खेळताना भाची एक ढग समोर असताना थांबली, मणी घेतले, आणि ढगाचं पान उचलायला विसरली. पुढच्या मुलीने ते तसंच धरून पान उलटलं. ढग आला, वाद झाला. मी नियम वाचून दाखवणार तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "मुंगी घरी गेली, पण ढग कुठे जाईल?"

मी नियमाचा कागद खाली ठेवला. ढग राहू दिला. आणि डावाची तऱ्हाच बदलली. आता आपण थांबलो की ढग शेजारच्याच्या डोक्यावर जातो. आपल्या दाण्यांचा हिशेब 'आणखी एक घे' म्हणत असला तरी शेजारी जिंकायच्या बेतात असेल तर थांबून त्याला ढगाखाली सोडणं बरं, असा दुसरा विचार सुरू होतो. त्या संध्याकाळी वहीत पहिल्यांदा एका डावात अकरा रेघा पडल्या. शिवाय हा नियम कुणाला पाठ करावा लागत नाही. ढग तसाच लटकतो हे सगळ्यांना ठाऊकच असतं. कल्पना आणि नियम एकाच दिशेने ओढत असले की समजावून सांगायचं काम अर्धं होतं.

1978 मध्ये तोमोहिरो निशिकादो यांच्या स्पेस इन्व्हेडर्स या व्हिडिओ गेममध्ये असंच घडलं होतं. पडद्यावरचे परग्रहवासी मारले जात तसं यंत्राला कमी चित्रं हलवावी लागत, आणि उरलेले जोरात पळू लागत. ती यंत्राची मर्यादा होती. त्यांनी ती तशीच ठेवली, आणि शेवटचा उरलेला सगळ्यात अवघड होऊन बसला.

म्हणून डाव चालू असताना नियम चुकला तर टोकू नका. वहीत लिहा आणि त्या चुकीसकट डाव संपू द्या.

काढून टाका

ढगांच्या यशाने मला जोर चढला आणि मी राणी मुंगी आणली, छत्रीचं पान आणलं, दुसऱ्याचे दाणे पळवणारा भुंगा आणला. प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर गमतीची होती. एकत्र आल्यावर रेघा अकरावरून चारावर आल्या. छत्री हातात असली की पावसाची भीतीच जायची, आणि ज्या भीतीवर अख्खा डाव उभा तीच मी विकत घेता येईल अशी करून ठेवली होती. एकेक पान काढून पुन्हा खेळले. भुंगा काढताना खरंच वाईट वाटलं.

अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 मध्ये टेट्रिस हा वरून पडणारे आकार रचायचा व्हिडिओ गेम बनवताना पाच-पाच चौकोनांचे आकार घेऊन सुरुवात केली. तसे आकार 12 होतात. ते फार झाले म्हणून चार चौकोनांचे सात आकार ठेवले. सात आकार बोटांना पाठ होतात. तुमच्या यादीतला प्रत्येक नियम झाकून एक डाव खेळून बघा. झाकल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही तर तो नियम जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र मी ठेवली, आणि त्यावर मला हटकलंही गेलं आहे. आभाळ मोकळं असताना पान उलटण्यात काहीच धोका नाही. पहिल्या ढगापर्यंत डोळे मिटून उलटत राहावं. मग तिथे पेच कुठे? नाही, तिथे पेच नाही. मी एका पाळीत चारच पानं अशी मर्यादा घालून बघितली, आणि डाव आखडला. ती धोका नसलेली दोन-तीन पानं भराभर उलटली जातात, दाणे साठतात, माणूस हसतो, आणि मग ढग येतो. साठलेलं काही असल्याशिवाय ढगाची भीती वाटत नाही. म्हणून प्रत्येक पानाला पेच असावा असा हट्ट मी सोडला.

खेळायला बसवा आणि गप्प बसा

पहिले दोन-तीन डाव एकटीने खेळा, सगळ्या भिडूंचे हात आपणच. ढोबळ चुका तिथेच कळतात. मग ओळखीचे लोक. मग अनोळखी. ओळखीचे लोक प्रेमापोटी 'छान आहे' म्हणतात, त्यामुळे 'आवडला का?' असं विचारूच नये. मी तीनच प्रश्न विचारते: कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, शेवटी हरलात ते कशामुळे? तिसऱ्या प्रश्नाला 'नशीबच नव्हतं' असं उत्तर सगळ्यांनीच दिलं तर पेच कमी पडला. 'त्या वेळी थांबायला हवं होतं' असं कुणी म्हणालं की मला फार बरं वाटतं.

खेळणाऱ्याने विचारलं तरी उत्तर देऊ नका, "तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणा. त्यांना जे वाटतं तो बऱ्याचदा चांगला नियम असतो.

नियमांचा कागद शेवटून दुसरा, चित्रं सगळ्यात शेवटी

कागदावर हा क्रम ठेवा: जिंकायचं कसं, मांडायचं कसं, पाळीत काय करायचं, संपतं कधी. एका वस्तूला एकच शब्द. मी एका ओळीत 'दाणे', दुसरीत 'मणी' आणि तिसरीत 'गुण' लिहिलं होतं. वाचणाऱ्यांना त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटल्या आणि ते तिसरी वाटी शोधत बसले. आता पानावरचे ते दाणे आणि घरातले ते मणी, बस.

चित्रांच्या वेळी टेबलाभोवती चारही बाजूंनी माणसं बसतात हे लक्षात ठेवा. पान कुणाला तरी उलटं दिसणारच. म्हणून दाण्यांचे आकडे लिहिण्यापेक्षा फाशासारखे ठिपके काढले, ते कुठूनही सारखे दिसतात. ढगाचं पान पूर्ण काळपट केलं, म्हणजे उलटताना कडेने दिसलं तरी पोटात गोळा येतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोकही खेळणार आहेत, तेव्हा रंगासोबत आकारही वेगळा ठेवा. पानांचा काळा-पांढरा फोटो काढा, त्यात सगळं ओळखू आलं तर झालं.

शेवटची परीक्षा अशी: डबा आणि कागद अनोळखी माणसांच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. मी दाराशी बसले होते. आत चौघे. मधेच गठ्ठा संपला, आणि एकाने सगळी पानं गोळा करून पिसायला घेतली. "अरे, वर लटकलेला ढग पण पिसायचा का?" "आणि माझ्यासमोरचे दाणे?" बराच वेळ वाद चालला. कागदावर याबद्दल अक्षरही नव्हतं, कारण मी खेळत असताना ते मीच नकळत बाजूला ठेवत होते. त्यांनी शेवटी ढग वर ठेवला, दाणे समोर ठेवले, फक्त टाकलेली पानं पिसली आणि पुढे खेळले. डाव संपला. मी उठून आत जाणार तोवर पुन्हा पानं पिसल्याचा आवाज आला, कुणी कुणाला विचारलंही नाही. मी परत बसले आणि नियमांच्या कागदावर आठवी ओळ लिहिली: गठ्ठा संपला तर टाकलेली पानं पिसा, वरचा ढग आणि समोरचे दाणे जागेवर ठेवा.